सीईटीत रँक आहे, मग सीट कुठे अडते? सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी

रँक बरी असूनही हवी ती ब्रँच हातची जाते, त्यामागे बहुतेक वेळा दोनच कारणं असतात. एक तर दाखला वेळेत नसतो, नाहीतर पर्यायांचा, म्हणजे हव्या त्या कॉलेज-ब्रँचच्या यादीचा, क्रम चुकलेला असतो. दोन्ही टाळता येतात, म्हणूनच अशी गेलेली सीट जास्त लागते. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, भालकीकडच्या मराठी मुलांपुढे दोन रस्ते असतात: कर्नाटकातला केईएचा (कर्नाटक परीक्षा प्राधिकरण) आणि महाराष्ट्रातला सीईटी कक्षाचा. दोघंही आपापली प्रवेश परीक्षा घेऊन जागा वाटतात. दोघांचे कागद वेगळे आहेत आणि एकाचा कागद दुसरीकडे फारसा चालत नाही. पुढचं सगळं मुख्यतः इंजिनिअरिंग डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

कागद आधी, अभ्यासाबरोबरच

केईएचा अर्ज साधारण जानेवारी-फेब्रुवारीत निघतो आणि त्यातच जात-उत्पन्नाच्या दाखल्यावर छापलेला आरडी नंबर विचारतात. त्यामुळे दाखला डिसेंबरपर्यंत हातात हवा. निकाल लागल्यावर नाडकचेरीत (स्थानिक महसूल कार्यालयात) जाऊ म्हटलं, तर तिथे सगळ्या होबळीची, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाची, रांग लागलेली असते. अर्ज नाडकचेरीत किंवा ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रात करता येतो.

मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गांच्या ३बी गटात येतो. २ए, २बी, ३ए, ३बी या सगळ्या गटांना दाखला फॉर्म एफ या नमुन्यात लागतो, कॅटेगरी १ ला फॉर्म ई आणि अनुसूचित जाती-जमातींना फॉर्म डी. दाखला हातात आल्यावर तिथेच उभं राहून चार गोष्टी तपासा.

दाखला विद्यार्थ्याच्या नावावर आहे ना? वडिलांच्या नावाचा चालत नाही. फॉर्म एफ असेल तर तो पाच वर्षांच्या आतला आहे ना? दहावीला काढलेला चालतो, पण थोरल्या भावाच्या वेळी सगळ्यांचे एकदम काढलेले दाखले बरेचदा मुदत संपलेले निघतात. नावाचं स्पेलिंग एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्सकार्डाशी जुळतं का? दाखला कन्नडमध्ये छापून येतो, आणि ‘ळ’चा ‘ल’ झाला किंवा आडनाव आधी-नंतर झालं की पडताळणीत अडकायला होतं. जातीचा उल्लेख शाळेच्या दाखल्यात आहे तसाच आहे का? यातलं काहीही चुकलं असेल तर दुरुस्ती आत्ताच करून घ्या. कौन्सेलिंगच्या, म्हणजे जागावाटपाच्या, आठवड्यात ती होत नाही.

जनरल मेरिटवाल्यांनीही (ज्यांना जातीचं आरक्षण नाही त्यांनीही) उत्पन्नाचा दाखला काढून ठेवावा. प्रत्येक ब्रँचमध्ये ठरलेल्या जागांवर ५ टक्के जादा जागा असतात, त्यांना एसएनक्यू म्हणतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर त्या जागेवर ट्यूशन फी माफ होते. आपल्याकडची कितीतरी घरं यात बसतात, पण ‘आपण जनरलमधले, आपल्याला काय मिळणार’ म्हणून दाखलाच काढत नाहीत.

शिकलात कुठे, हे मोजलं जातं

केईएच्या पात्रतेच्या कलमांना क्लॉज म्हणतात. त्यातला ‘ए’ क्लॉज असा आहे: पहिली ते बारावीतली किमान सात वर्षं कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली हवीत, आणि दहावी किंवा बारावी यातली एक परीक्षा कर्नाटकातून पास झालेली हवी. एकाच वर्गात दोन वर्षं गेली तरी ते एकच वर्ष धरतात.

निपाणीत दहावीपर्यंत शिकून कोल्हापूरला अकरावी-बारावी केलेला मुलगा यात बसतो, कारण त्याची दहा वर्षं झाली आणि एसएसएलसीही इथली आहे. याउलट चंदगडला सहावीपर्यंत शिकून सातवीला बेळगावात आलेल्या मुलीची बारावीपर्यंत सहाच वर्षं भरतात. तिनं ‘ए’ क्लॉजवर टिक केली तर पडताळणीत दावा उडतो. तिनं पालकांच्या वास्तव्यावर किंवा नोकरीवर आधारलेले पुढचे क्लॉज माहितीपुस्तिकेत वाचून घ्यावेत.

ग्रामीण कोटा १५ टक्के आहे, आणि त्यावरच सगळ्यात जास्त गैरसमज होतात. पहिली ते दहावीची दहाही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. घर नव्हे, शाळा जिथे असेल ती जागा धरतात. गावात राहून हायस्कूलला एसटीनं बेळगाव शहरात जाणाऱ्याला हा कोटा नाही. शाळा मराठी माध्यमाची असली तरी हरकत नाही, ग्रामीण दावा करता येतो. जनरल मेरिटवाल्यांना त्यासोबत क्रिमी लेअरमध्ये नसल्याचा दाखलाही जोडावा लागतो. कन्नड माध्यमाचा कोटा मात्र वेगळा असून तो दहावीपर्यंत कन्नडमधून शिकलेल्यांसाठी आहे. सायबरवाला घाईत दोन्ही चौकटींवर टिक करतो, ते थांबवा.

शाळेची माहिती आता बहुतेक सॅट्स नंबरावरून (शाळेतल्या विद्यार्थी-नोंदणी क्रमांकावरून) आपोआप येते. ती चुकीची आली किंवा आलीच नाही, तर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात कागद घेऊन पडताळणी करावी लागते. त्यासाठी प्रत्येक शाळेकडून वर्षवार स्टडी सर्टिफिकेट आधीच घेऊन ठेवा. बदलीवर फिरलेल्या पालकांच्या मुलांना यासाठी तीन-चार शाळांच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि मे महिन्यात शाळा बंद असतात.

आणखी दोन चौकटी जपून हाताळा. ‘गडिनाडू’ हा क्लॉज कर्नाटकाबाहेर राहणाऱ्या कन्नड भाषिकांसाठी आहे, सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी नाही. ३७१ जे (कल्याण कर्नाटक भागासाठीचं घटनेतलं कलम) चं आरक्षण बिदर, भालकी, औराद, बसवकल्याणकडच्या मुलांना मिळतं आणि ते त्यांनी नक्की घ्यावं, पण बेळगाव आणि कारवार जिल्हे त्यात येत नाहीत.

पर्याय भरताना

इथे शांतपणे बसा. मोबाईलवर नको, कॉम्प्युटरवर भरा, आणि त्याआधी यादी कागदावर करा.

संगणक काय करतो ते समजलं की निम्मी भीती जाते. तो रँकप्रमाणे एकेका विद्यार्थ्याकडे येतो. तुमची पाळी आली की यादीतला पहिला पर्याय बघतो. तिथे जागा असेल तर देतो, नसेल तर दुसरा बघतो, मग तिसरा. वरच्या पर्यायात जागा नव्हती म्हणून खालच्या पर्यायावरचा तुमचा हक्क जरासुद्धा कमी होत नाही. म्हणून क्रम मनासारखा लावा, शक्यतेचा नको. ‘हे तर मिळणार नाही’ म्हणून स्वप्नातलं कॉलेज खाली टाकलं आणि वर सोपं कॉलेज ठेवलं, तर सोपंच मिळतं आणि खालचं कुणी बघतही नाही.

दुसरी चूक असते मोजकेच पर्याय भरण्याची. मागच्या वर्षीचा कट-ऑफ केईएच्या साईटवर कॉलेज, ब्रँच आणि कॅटेगरीनुसार मिळतो. आपल्या रँकच्या वरचे काही, आसपासचे बरेच आणि नक्की मिळतील असे काही, असे तिन्ही प्रकार हवेत. प्रत्येक ओळीपुढची फी वाचा, कारण एकाच कॉलेजात फीनुसार वेगवेगळ्या ओळी दिसू शकतात. जिथे खरोखर जाणार नाही, ते कॉलेज यादीत घालूच नका.

मॉक अलॉटमेंट (खऱ्या फेरीआधीचं नमुना जागावाटप) आली की ती खरी सीट समजून पेढे वाटू नका, आणि रडूही नका. ती फक्त क्रम सुधारण्यासाठी असते. मॉकनंतर बाकीचेही आपले पर्याय बदलतात, त्यामुळे खऱ्या फेरीत निकाल वेगळा लागू शकतो.

पहिल्या फेरीनंतर चार चॉइस येतात. चॉइस १ म्हणजे सीट मान्य, फी भरून कॉलेजला रुजू. चॉइस २ म्हणजे ही सीट हातात ठेवून वरच्या पर्यायांसाठी पुढच्या फेरीत जाणं. चॉइस ३ म्हणजे ही सीट सोडून पुढच्या फेरीत. चॉइस ४ म्हणजे प्रक्रियेतूनच बाहेर. चॉइस २ घेतल्यावर वरचं काही मिळालं, तर आधीची सीट आपोआप जाते, मागे फिरता येत नाही. म्हणून चॉइस २ देण्याआधी मिळालेल्या सीटच्या वर उरलेली यादी पुन्हा वाचा आणि ज्याबद्दल शंका आहे ते काढून टाका. नवे पर्याय या टप्प्यावर सहसा घालता येत नाहीत. चॉइस ३ तेव्हाच द्या, जेव्हा मिळालेली सीट अजिबात नको आहे.

कोल्हापूर-पुण्याकडे जायचं असेल तर

महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा, एमएचटी-सीईटी, वेगळी द्यावी लागते. ती महाराष्ट्र बोर्डाच्या अभ्यासक्रमावर असते, साधारण २० टक्के अकरावी आणि ८० टक्के बारावी. पीयूसीवाल्यांनी (कर्नाटकात अकरावी-बारावी करणाऱ्यांनी) दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून काय वगळलं जातंय ते आधी बघावं. परीक्षेचा अर्ज आणि निकालानंतरची कॅपची (केंद्रीय प्रवेश फेऱ्यांची) नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षा देऊन कॅपची नोंदणी न करणारे दरवर्षी निघतात.

कॅपमध्ये सीमाभागासाठी ‘टाइप ई’ आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी (अथवा दोन्ही) उत्तीर्ण आणि मातृभाषा मराठी, अशी ती अट आहे. खानापूरला दहावी करून धारवाडला पीयूसी केलेला मुलगाही दहावीच्या जोरावर यात येतो. त्यासाठी जी-१ आणि जी-२ असे दोन नमुने लागतात, पहिला सीमाभागाबद्दल आणि दुसरा मातृभाषेबद्दल. नमुने त्याच वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून घ्या, आणि ज्या अधिकाऱ्याचं पद त्यावर छापलेलं असेल त्याचाच सही-शिक्का घ्या. साध्या लेटरहेडवर लिहून आणलेलं पत्र परत येतं.

कर्नाटकचा ३बी किंवा २ए दाखला महाराष्ट्रात आरक्षणासाठी चालत नाही. तिथे महाराष्ट्राचा जातीचा दाखला आणि पडताळणी प्रमाणपत्र मागतात.

कॅपमध्ये पर्यायांचा क्रम आणखी जपून लावा. २०२५-२६ च्या इंजिनिअरिंग प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो आपोआप पक्का धरला जात होता, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलाही, तिसरीत पहिल्या सहापैकी. त्यामुळे वरच्या सहा ओळींत उगाच भर म्हणून काही टाकणं महागात पडू शकतं. तुमच्या वर्षीचा नियम पर्याय भरण्याआधी वाचून घ्या.

दोन्हीकडच्या फेऱ्या जून ते ऑगस्टच्या आसपास एकमेकांवर येतात. एका वहीत दोन रकाने करून दोन्हीकडच्या तारखा लिहा: फी भरण्याची शेवटची, रुजू होण्याची शेवटची आणि सीट रद्द करण्याची शेवटची. ही तिसरी तारीख सगळे विसरतात, आणि ती उलटली की फी अडकते. मूळ मार्क्सकार्ड आणि टीसी एका कॉलेजात जमा केल्यावर दुसरीकडे दाखवायला काही उरत नाही, म्हणून सगळ्या कागदांच्या साक्षांकित प्रती आणि स्कॅन आधीच करून ठेवा. रुजू होताना कॉलेजकडून जमा कागदांची सही-शिक्क्याची पोच मागून घ्या. सीट बदलताना मूळ कागद परत मिळवायला हीच पोच दाखवावी लागते.