मारधाडपटांची जुनी पोस्टरं : जमवायची कशी, गोव्याच्या पावसात टिकवायची कशी

जुन्या हाणामारीच्या सिनेमांची पोस्टरं जमवायचा नाद लागला की माणूस पहिल्यांदा बाजार गाठतो. गोव्यात राहत असाल तर हा क्रम उलटा करा. आधी ठेवायची जागा तयार करा, मग शोधायला निघा. इथे पोस्टर मिळवणं एक वेळ जमतं, पण चार पावसाळे त्याला सांभाळणं कठीण. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावरही बुरशी धरते, तिथे कमी पैशांत काढलेल्या सिनेमाच्या पोस्टरचा कागद काय टिकणार?

हा कागद टिकावा म्हणून बनवलेलाच नव्हता. लाकडाच्या स्वस्त लगद्यात लिग्निन हा लाकडातलाच घटक राहतो, त्यामुळे उजेड लागला की कागद पिवळा पडतो. शिवाय जुन्या कागदाला तुरटी आणि राळ लावलेली असे. तिच्यातून आम्ल तयार होतं आणि घडी पडलेल्या जागी कागद तुटायला लागतो. पोस्टर भिंतीवर डकवायचं, पुढच्या शुक्रवारी त्याच्यावर दुसरं डकवायचं, एवढंच त्याचं आयुष्य. आज हाती लागतात ती बहुतेक भिंतीवर न चढलेली, गोदामात उरलेली पोस्टरं.

पहिली पायरी : जागा

माळा नको. कौलांखाली उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात गळती, वर उंदीर. जमिनीलगतही नको, कारण वाळवी आणि ओल दोन्ही खालून चढतात. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर पावसाचा मारा असतो, तिला कपाट टेकवू नका. घराच्या आतल्या खोलीत, भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवून, लोखंडी कपाट उभं करा. आर्किटेक्ट लोक नकाशे ठेवतात तसा सपाट ड्रॉवर मिळाला तर सोन्याहून पिवळं. आपल्याकडचं नेहमीचं मोठं पोस्टर साधारण ३० बाय ४० इंचांचं असतं, त्यामुळे ड्रॉवर त्याहून थोडा मोठा हवा. तेवढी जागा नसेल तर रुंद व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीत सैल सुरळी करून ठेवा. रबर बँड लावू नका.

आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र घ्या आणि ते कपाटाच्या आत ठेवा. आकडा ५० टक्क्यांच्या आसपास राहिला तर उत्तम. ६५ च्या वर बराच काळ राहिला तर बुरशीला आमंत्रण. सिलिका जेल बंद डब्यात चांगलं काम करतं, पण दिवसातून चारदा उघडणाऱ्या कपाटात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. म्हणून पोस्टरं घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवा, जेल त्याच डब्यात घाला, आणि रंग बदलला की गरम करून परत वापरा. संग्रह वाढला की खोलीसाठी डीह्युमिडिफायर घ्यावाच लागतो. डांबराच्या गोळ्यांनी ओल जात नाही, फक्त पोस्टरला वास लागतो.

दोन पोस्टरांमध्ये आम्लरहित कागद घाला. पाकीट हवं असेल तर पॉलिएस्टर फिल्मचं घ्या. बाजारात सहज मिळणारी मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं कालांतराने कागदाला चिकटतात. लॅमिनेशनचं नावही काढू नका.

दुसरी पायरी : काय जमवायचं ते ठरवा

'सगळंच' जमवायचं म्हटलं तर घर भरेल, संग्रह होणार नाही. एखादा धागा पकडा. वाडिया मूव्हीटोनच्या १९३५ च्या 'हंटरवाली'पासून हिंदीत स्टंटपटांची मोठी परंपरा आहे, पण त्या काळातली पोस्टरं सर्वसामान्याच्या आवाक्यात राहिलेली नाहीत. साठच्या दशकातले दारासिंगचे कुस्तीपट, सत्तरीतली गुप्तहेर मंडळी ('सुरक्षा', १९७९, गनमास्टर जी-९ म्हणजे मिथुन), हाँगकाँगच्या कराटेपटांची इकडे छापलेली पोस्टरं, ऐंशीच्या दशकातले डाकूपट, आणि नव्वदीत मिथुनने उटीला मुक्काम ठोकून झपाट्याने उरकलेले सिनेमे. यातला कुठलाही एक कप्पा नवशिक्याला पुरेसा आहे. माझं मत विचाराल तर नव्वदीपासून सुरुवात करा. 'गुंडा' (१९९८) सारख्या दोन-चार नावांना आता चाहते मिळालेत, बाकीच्यांकडे अजून कुणी ढुंकून पाहत नाही.

गोव्यातल्या माणसाला आणखी एक धागा हाताशी आहे : गोवा दाखवणारे सिनेमे. गोवामुक्तीवरचा 'सात हिंदुस्तानी' (१९६९) हा मारधाडपट नव्हे, पण तोही मोजक्या पैशांतला आणि या संग्रहात शोभणारा. आणि शोधता शोधता 'आमचें नशीब' (१९६३) किंवा 'निर्मोण' (१९६६) या कोंकणी सिनेमांचा कागद समोर आलाच, तर आपला विषय नाही म्हणून सोडून येऊ नका!

सिनेमा कसा होता याला इथे फारसं महत्त्व नाही. या छोट्या निर्मात्यांना मोठा नट परवडत नसे, म्हणून सगळा भार पोस्टरवर पडायचा, आणि पोस्टर रंगवणारा बेधडक खोटं बोलायचा. नारिंगी ज्वाळांवर नायकाचा चेहरा, गालावर सुरीने ओढल्यासारखे लाल-निळे फटकारे, खाली हवेत उडालेली जीप, एका कोपऱ्यात डोळ्यावर पट्टी बांधलेला खलनायक, आणि सिनेमात कधीच न येणारं हेलिकॉप्टर. नाव तीन लिप्यांत : नागरी, उर्दू आणि रोमन, अक्षरांना गोळ्यांची भोकं. हे फटकारे मूळचे मोठ्या सिनेमांचे. दिवाकर करकरे यांनी 'दीवार'च्या काळात छायाचित्रावर सुरीने रंग चढवायची ढब गाजवली आणि छोट्या निर्मात्यांच्या चित्रकारांनी ती मनसोक्त उचलली. पोस्टर निवडताना ही कारागिरी बघा, सिनेमाची कीर्ती नंतर.

तिसरी पायरी : शोध

वितरणाच्या हिशेबात गोवा मुंबई सर्किटमध्ये मोडायचा. लॅमिंग्टन रोडवरच्या नाझ इमारतीत वितरकांची कार्यालयं होती आणि प्रसिद्धीचा माल मुंबईहून इकडे यायचा. म्हणजे इथलं आणि मुंबईचं पोस्टर एकच. फरक पडतो तो खाली डकवलेल्या पट्टीने : थिएटरचं नाव, 'आजपासून', 'रोज ३ खेळ'. पणजीचं नॅशनल, म्हापशाचं अलंकार, मडगावचं मेट्रोपोल अशा नावाची पट्टी असलेलं पोस्टर मिळालं तर ती काढून 'स्वच्छ' करायचा मोह आवरा. तो कागद गोव्यात लागला होता याचा तेवढाच पुरावा.

शोधायचं माणसांकडून. जुन्या थिएटरचे गेटकीपर, ऑपरेटर, सायकलीला शिडी आणि खळीची बादली अडकवून फिरणारे पोस्टर डकवणारे, बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीचे मालक, रद्दीवाले, भंगारवाले. गेल्या गेल्या 'पोस्टर विकता का' असं विचारलं तर माणूस एकतर नाही म्हणतो किंवा वाट्टेल तो भाव सांगतो. त्यांच्या काळाबद्दल विचारा, बसा, चहा घ्या. मडगावकडच्या एका निवृत्त गेटकीपरने मला सांगितलं होतं, "पुता, ती पोस्टरं आम्ही पावसात खिडक्यांच्या फटींना लावली." पण उठता उठता त्यांनीच शेजारच्या गावातल्या पोस्टर डकवणाऱ्याचं घर दाखवलं. हा शोध असाच घरोघर सरकतो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या वस्तूंवाल्यांना सांगून ठेवा. हणजूणच्या बुधवारच्या बाजारात पर्यटकांसाठी मांडलेलं पोस्टर मात्र नवीनच आहे असं धरून हातात घ्या. मुंबईला जाणं झालं तर चोरबाजार आहेच, पण तिथल्या विक्रेत्याला भाव तुमच्याहून चांगला कळतो.

चौथी पायरी : खरं-खोटं

सोबत १० पटीचं भिंग ठेवा. ऑफसेट छपाईत चार रंगांच्या ठिपक्यांची नियमित जाळी, गुलाबाच्या पाकळ्यांसारखी रचना दिसते. इंकजेटच्या नकलेत बारीक फवारा दिसतो. खरी घडी कागदाच्या पाठीवरही झिजलेली असते. छापलेली घडी फक्त पुढून दिसते, बोटाला लागत नाही. जुन्या पोस्टरचा फोटो काढून छापलेल्या नकलांत हे हमखास सापडतं. घडी असणं हा दोष नव्हे, बहुतेक माल घड्या घालूनच यायचा.

तळाशी मुद्रकाचं नाव आणि गाव बघा. १८६७ च्या कायद्याने छापलेल्या कागदावर ते देणं बंधनकारक होतं. मुंबईतला छापखाना किंवा शिवकाशी (तमिळनाडूतलं छपाईचं गाव) असं काही दिसलं तर चांगलं. नाव नसलं म्हणजे नकलीच असं नाही, कारण कडा कातरलेल्या असतात.

माझी आवडती तपासणी सेन्सॉरच्या खुणेची. 'यूए' हे प्रमाणपत्र १९८३ पासून सुरू झालं, त्याआधी 'यू' आणि 'ए' एवढेच. सत्तरीतल्या सिनेमाच्या पोस्टरवर 'यूए' दिसलं तर ते पहिल्या प्रदर्शनाचं नाही, पुन्हा लावलेल्या वेळचं आहे. असे सिनेमे गावोगाव पुन्हा पुन्हा लागत आणि त्यासाठी नव्याने पोस्टरं निघत. ती नकली नव्हेत, जुनीच आहेत, फक्त भाव पहिल्या छपाईचा देऊ नका. 'ऑर्वोकलर' असं लिहिलेलं दिसलं तर तो पूर्व जर्मनीचा कच्चा फिल्म माल. हे नाव १९६४ नंतरचं, म्हणजे पोस्टर त्याआधीचं असूच शकत नाही.

अतिनील टॉर्चने कागद निळा चमकला की नवा, असा एक ठोकताळा सांगितला जातो. आपल्या काळासाठी तो कच्चा आहे. कागद उजळ दिसावा म्हणून घालायची रसायनं १९५० च्या सुमारासच वापरात आली होती, तेव्हा सत्तरीचा अस्सल कागदही चमकू शकतो.

गोव्यात सिनेमा नक्की कधी लागला हे शोधायचं असेल तर पणजीत पाटो इथल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जा आणि 'गोमन्तक' किंवा 'नवप्रभा'चे जुने अंक मागा. पट्टीवरचं थिएटर आणि जाहिरातीतलं थिएटर जुळलं की दिवस सार्थकी लागतो.

पाचवी पायरी : घरी आणल्यावर

नवं पोस्टर थेट कपाटात नाही. भंगारातून आलेल्या कागदात कसर असतेच. मूळ घडीत, जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि दोन आठवडे उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवा. बांगडे-सुंगटांच्या शेजारी हे का, हे घरच्यांना आधी समजावून सांगा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव धरतं.

मग मऊ ब्रशने, मधून कडेकडे, धूळ झाडा. पाणी लावू नका. छपाईची शाई टिकेल, पण हाताने मारलेला रंग किंवा पट्टीवरची शाई पसरेल. बुरशी दिसली तर कोरड्या दिवशी, मास्क लावून, घराबाहेर झाडा. ओली बुरशी पुसली तर ती कागदात मुरते, आधी वाळू द्या.

फाटलेल्या जागी सेलोटेप नको. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, मागच्या बाजूने, एवढंच. बाइंडर खळीत मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालतात, किडे लागू नयेत म्हणून. ते इथे टाळा, तांब्याच्या क्षारांनी कागद लवकर जळतो. जुनी चिकटपट्टी आधीच असेल तर ओढू नका. मोठी दुरुस्ती किंवा कापडावर चढवण्याचं काम कागदाच्या जाणकाराकडेच द्यावं.

भिंतीवर लावायचं तर स्कॅन करून त्याची प्रत लावा आणि मूळ ड्रॉवरमध्ये राहू द्या. प्रत घरापुरती. पोस्टर तुमच्या मालकीचं झालं म्हणून त्याच्या प्रती छापून विकायचा हक्क मिळत नाही.

शेवटी वही

प्रत्येक पोस्टरची दोन्ही बाजूंनी छायाचित्रं काढा. वहीत नाव, माप, मुद्रक, सेन्सॉरची खूण, पट्टीवरचं थिएटर, कुणाकडून मिळालं आणि किती दिले ते लिहा. दुहेरी झालेली पोस्टरं इतर संग्राहकांशी बदलून घ्यायला याच नोंदी कामी येतात. देताना री-रिलीज असेल तर तसं लिहून द्या, फाटलेलं कुठे जोडलंय तेही सांगा. घेतानाही समोरच्याकडून पाठच्या बाजूचं छायाचित्र मागवल्याशिवाय पैसे पाठवू नका.