विंग फॉइल घ्यायचं ठरवण्याआधी

विंग फॉइल म्हणजे हातात हवा भरलेलं शिड (विंग) धरून बोर्डावर उभं राहून वाऱ्यावर जाणं. बोर्डाखाली एक दांडा (मास्ट) आणि त्याच्या टोकाला पाण्याखालचे पंख (फॉइल) असतात, वेग आला की ते बोर्डाला पाण्याबाहेर उचलतात. बोर्डाच्या किमती नंतर बघा, आधी आपल्या किनाऱ्याची खोली मोजा. बोर्डाखालचा उभा मास्ट शिकाऊ संचात ६० ते ७५ सेंटिमीटरचा असतो, पुढे ८० ते ९०. बोर्ड नुसता तरंगत असला तरी हे सगळं पाण्याखाली लटकत असतं. वेगात असताना पंख वाळूला टेकला की बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि माणूस तोंडावर पुढे जातो. म्हणून पूर्ण ओहोटीला एकदा चालत जाऊन वाळूचे दांडे आणि खडक बघून ठेवा, आणि पाणी छातीभर खोल असल्याशिवाय बोर्डावर उभं राहायचं नाही हा नियम करा. मुंबईकडे उधाणाला भरती-ओहोटीत ४ मीटरहून जास्त फरक पडतो, गोव्यात साधारण २ मीटर. त्यामुळे उथळ उताराच्या किनाऱ्यावर भरतीच्या आसपासचे दोन-तीन तासच हाती येतात. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी वाळू जागा बदलत राहते. तिथे गेल्या हंगामाच्या माहितीवर जाऊ नका.

त्याच फेरीत रापणकरांशी (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांशी) आणि होडीवाल्यांशी बोलून घ्या. जाळी कुठे टाकली आहेत, दोर कुठून कुठे जातो, बोये कोणते. सर्फबोर्ड दोरावरून सरकून जातो, फॉइल त्यात अडकतंच. शिवाय जाळं फाटलं तर नुकसान त्यांचं होतं.

दुसरी मोजणी वाऱ्याची, आणि बहुतेकांचा निर्णय खरं तर इथेच होतो. शिकायला एकसारखा १२ ते १८ नॉटचा वारा लागतो, म्हणजे ताशी २२ ते ३३ किलोमीटर. कोकणात फेब्रुवारी ते मे दुपारनंतर वायव्येकडून खारे वारे येतात, पण बऱ्याच दिवशी ते १०-१२ नॉटवरच अडतात. ॲपवरचा आकडा धरू नका. हातात धरायचं वारामापक घेऊन दोन आठवडे दुपारी ३ ते ५ किनाऱ्यावर स्वतः मोजा आणि वहीत लिहा. आठवड्यात १२ नॉटच्या वरचे दोन दिवससुद्धा निघाले नाहीत, तर संच माळ्यावर पडून राहणार. सकाळचा मतलई वारा फार मोहात पाडतो, पाणी तेव्हा काचेसारखं असतं. पण तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि शिकाऊ माणसाला आत घेऊन जातो. तेव्हा उतरायचं नाही. पावसाळ्यात समुद्र बंदच. धरणांच्या पाण्यावर डोंगरांमुळे वारा झटक्याझटक्याने येतो, बुडालेल्या झाडांचे बुंधे असतात आणि जलसंपदा विभागाची परवानगीही बघावी लागते.

वारा पुरत नसेल तर ई-फॉइल, म्हणजे बॅटरीच्या मोटरवर चालणारं फॉइल आहे, पण त्याची किंमत विंगच्या संचाच्या कितीतरी पट. बॅटरी विमानातून प्रवासी सामानात नेता येत नाही, कारण मर्यादा १६० वॉट-अवरची आणि ही त्याच्या दहापटीच्या घरातली.

आता स्वतःची चाचणी. खोल पाण्यात बोर्डावर चढायचं, गुडघ्यांवर बसायचं, उभं राहायचं, पडायचं. हे सलग वीस वेळा जमतंय का बघा. मग फॉइलशिवाय, मोठ्या एसयूपी (उभं राहून वल्हवायच्या) बोर्डावर विंग धरून जा आणि निघालात त्याच जागी परत येऊन दाखवा. हे जमत नसेल तर फॉइलवर तुम्ही रोज वाऱ्याखाली वाहत जाऊन बोर्ड उचलून चालत येणार. जमलं, की होडीमागे ताशी १३ ते १८ किलोमीटर वेगाने एक-दोन सत्रं घ्या. तिथे विंग सांभाळायची नसते, लक्ष फक्त पायांकडे.

पायांकडेच का? लिफ्ट, म्हणजे पंखांची वर उचलणारी ताकद, वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी १० वरून १४ ला गेलात की ती जवळजवळ दुप्पट. बोर्ड अचानक वर उडी घेतो, विंडसर्फिंगची सवय असलेला माणूस मागे रेलतो, पुढचा पंख पाण्याबाहेर येऊन हवा ओढतो आणि लिफ्ट एका क्षणात संपते. वजन पुढच्या पायावर ठेवा, नजर क्षितिजावर. तरी बोर्ड उसळत राहिला तर मास्ट बोर्डाखालच्या ज्या पट्टीत बसतो तिच्यात एक सेंटिमीटर मागे सरकवा. एका वेळी एवढंच, नाहीतर नेमका फरक कशाने पडला ते कळत नाही.

इथवर आलात आणि हौस टिकली, तर खरेदी. बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये आपल्या वजनापेक्षा ३०-४० ने जास्त हवं. ७५ किलोच्या माणसाला १०५ ते ११५ लिटर. पुढचा पंख १७०० ते २००० चौरस सेंटिमीटर, विंग १५ नॉटला ५ चौरस मीटर, १२ नॉटला ६. दुकानदार वेगवान, अरुंद पंख दाखवतील, तो सध्या नको. वापरलेला संच बघताना बोर्डातल्या पट्ट्यांभोवती चिरा आहेत का ते तपासा आणि प्रत्येक बोल्ट समोर सोडवून दाखवायला सांगा. ॲल्युमिनियमचा मास्ट आणि स्टेनलेसचे बोल्ट खाऱ्या पाण्यात एकमेकांना धरून बसतात, मग ते तुटतात तरी किंवा आटे जातात. एका कंपनीचा पंख दुसरीच्या सांगाड्यावर सहसा बसत नाही, तेव्हा सुटे भाग कुठे मिळतात तेही विचारून घ्या.

हेल्मेट आणि इम्पॅक्ट व्हेस्ट घेतल्याशिवाय पहिलं सत्र नाही. इम्पॅक्ट व्हेस्ट मार झेलतं, पण ते लाइफ जॅकेट नव्हे. तरंगण्याची क्षमता लेबलवर बघा. पडताना बोर्ड पायाने लांब ढकला, पाण्यावर सपाट पडा, सूर मारू नका, वर येताना हात डोक्यावर. पोहणाऱ्यांपासून ५० मीटर दूर, कारण पंख त्यांच्या डोक्याच्या उंचीवरूनच फिरतो. बाहेर आल्यावर सगळं सुटं करून गोड्या पाण्याने धुवा, आट्यांना टेफ-जेल (धातू गंजून धरू नयेत म्हणून लावायचं वंगण) लावा, आणि पिशवीत जादा एम-६, एम-८ बोल्ट व ते ज्या पान्याने उघडतात तो पाना कायम ठेवा. किनाऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात नेमके तेच मिळत नाहीत.