सोसायटीतले ज्येष्ठ बाजूला पडू नयेत म्हणून सेक्रेटरीने करायची कामं

ठाण्याच्या नौपाड्यातली चार मजली जुनी इमारत असो की नवी मुंबईत नेरूळमधली सिडकोची बिनलिफ्टची, म्हाताऱ्या माणसाला सोसायटीतून कुणी हाकलून देत नाही. नोटीस व्हॉट्सॲपवर पडते, बिल ईमेलने येतं, सभा रात्री साडेनऊला स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये भरते, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा सोसायटीशी संबंध संपतो. अपमान कुणीच केलेला नसतो, म्हणून तक्रारही होत नाही. यातलं बरंचसं कमिटीला महिन्याभरात सुधारता येतं, खर्चही फारसा येत नाही.

आधी माहिती घ्या. एका रविवारी कमिटीतल्या दोघांनी वही घेऊन साठीपुढच्या प्रत्येक सभासदाकडे जावं. फोन साधा की स्मार्ट, ग्रुपवरचे मेसेज स्वतः वाचता का, गेल्या महिन्यात किती वेळा खाली उतरलात, बिल कोण भरतं, रात्री-अपरात्री फोन कुणाला करता, एवढंच विचारा. पण विचारा त्यांनाच. मुलगा मधेच म्हणतो, “आईला सगळं येतं.” आईला व्हिडिओ कॉल उचलता येतो, ग्रुपवरची पीडीएफ उघडता येत नाही, हे ती स्वतः बोलली तरच कळतं. ही वही सेक्रेटरीकडेच ठेवा. ‘अमुक फ्लॅटमध्ये बाई एकट्या राहतात’ हे ग्रुपवर किंवा गेटवरच्या केबिनमध्ये चिकटवणं म्हणजे चोराला पत्ता देणं. एकट्या राहणाऱ्यांना जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करायला मदत करा.

मग गेटचं ॲप, म्हणजे येणाऱ्याला आत सोडायचं का हे वॉचमन ज्यावरून विचारतो ते. बहुतेक ठिकाणी फ्लॅटच्या नावावर मुलाचा नंबर टाकलेला असतो. मुलगा पुण्यात मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर. इकडे पोळ्या करणाऱ्या ताई गेटवर उभ्या, आणि आजी वर वाट बघतायत. उपाय साधा आहे. पहिला संपर्क इंटरकॉम किंवा आजींचा स्वतःचा फोन, मुलाचा नंबर दुसरा. रोज येणाऱ्या बाई, दूधवाला, केमिस्टचा मुलगा यांना कायमची परवानगी देऊन ठेवा. इंटरकॉम महिन्यातून एकदा वाजवून बघा. बंद पडलेला इंटरकॉम वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही.

नोटीस आणि बिल कागदावर द्या, ज्यांना हवं त्यांना. मराठीत, ठळक आणि मोठ्या अक्षरांत, १६ पॉइंटच्या खाली नाही. बिलाच्या बाबतीत आळस महागात पडतो: आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांनुसार, थकबाकीवर सरळव्याज लावता येतं, आणि ईमेल न उघडणाऱ्या माणसाच्या नावावर ते गुपचूप चढत जातं. चेक घ्यायचं बंद करू नका. ऑफिसबाहेर कुलपाची चेकपेटी लावा आणि पावती घरपोच द्या.

सभेची गोष्ट जास्त नाजूक, कारण तिथे हक्क बुडतो. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी लागते, ती त्यांच्या हातात द्या आणि सही घ्या. सभा रविवारी सकाळी अकराला, तळमजल्यावर, पाठीच्या खुर्च्या, आणि माइक. माइक नसला की ऐकू कमी येणारा माणूस दहा मिनिटांत गप्प होतो आणि आपण समजतो की त्यांची संमती आहे. ज्येष्ठांना बोलायची संधी सुरुवातीला द्या. “काका, तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही बघतो ना” हे वाक्य अध्यक्षांनी तिथल्या तिथे थांबवावं. प्रेमाने म्हटलेलं असलं तरी त्याचा अर्थ ‘तुमचं मत नको’ असाच होतो.

जिना उतरणं शक्यच नसेल तर? आदर्श उपविधींप्रमाणे मुखत्यारपत्र देऊन कुणाला सभेला पाठवता येत नाही. मात्र मुलगा, मुलगी, सून, जावई अशा नातेवाइकाला सहयोगी सभासद करून घेता येतं आणि सभासदाच्या लेखी संमतीने तो मत देऊ शकतो. ही नोंद सभेच्या आदल्या दिवशी होत नाही, आधीच करून ठेवा. पुनर्विकासाचे कागद घेऊन घरोघरी सह्या गोळा करणं टाळाच. प्रत घरी देऊन निदान आठ दिवस वाचायला द्या. चष्मा सापडत नसताना केलेली सही पुढे भांडणाचं मूळ होते.

आता जिना. लिफ्ट बसवता येत नाही म्हणून काहीच करता येत नाही, असं नसतं. रेलिंग दोन्ही बाजूंना हवं, कारण ज्याचा एक हात किंवा एक गुडघा अधू आहे त्याला चढताना एक बाजू लागते, उतरताना दुसरी. दीड इंची गोल पाइप, पायरीच्या कडेपासून ३४ ते ३६ इंच उंच, भिंतीपासून दोन इंच सुटा. शेवटच्या पायरीच्या पुढे तो फूटभर न्या. पाइप पायरीआधी संपला की माणसाला वाटतं जिना संपला, आणि तो तिथेच पडतो. जुन्या इमारतीत गिलावा भुसभुशीत असतो, त्यात नुसता प्लग ठोकला तर वर्षभरात सुटतो. अँकर फास्टनर आतल्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये जायला हवा. काम झाल्यावर कारागिरालाच लटकून दाखवायला सांगा.

प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंचांचा पिवळा खरखरीत पट्टा लावा. काळ्या कडाप्प्याच्या पायऱ्या मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला एकसलग उतरणीसारख्या दिसतात. वीज वाचवायला सेन्सरचे दिवे बसवलेले असतात, ते तीस सेकंदांत बंद होतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला एका मजल्याला दोन मिनिटं लागतात, म्हणजे तो मधल्या पायरीवर अंधारात उभा. टायमर तीन मिनिटांवर न्या. लँडिंगवर भिंतीला घडीची बैठक लावा, १८ इंच उंचीवर. प्लास्टिकची खुर्ची नको. ती सरकते आणि आग लागली तर वाट अडवते.

पेन्शन चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला लागतो, त्यासाठी नोव्हेंबरमध्ये क्लबहाउसमध्ये एक सकाळ ठेवा. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. आधार क्रमांक, पीपीओ क्रमांक (पेन्शनच्या आदेशावरचा), बँक खातं, आणि ओटीपी येतो तो फोन, हे सोबत हवं. ओटीपीचा फोन मुलाबरोबर ऑफिसला गेलेला असतो, निम्मी गाडी तिथेच अडते. बोटांचे ठसे झिजले असतील तर चेहरा दाखवून दाखला काढा. त्यांना खिडकीकडे पाठ करून बसवू नका, उजेड चेहऱ्यावर पडू द्या, आणि पापण्या मिचकवायला सांगितलं की घाई करू नका.

बँकेने “शाखेत यावंच लागेल” म्हटलं, तर रिझर्व्ह बँकेच्या घरपोच सेवेबद्दलच्या सूचनांचा उल्लेख करून अर्ज द्या. सत्तरीपुढच्यांना रोख, डिमांड ड्राफ्ट यांसारख्या सेवा घरपोच देण्याचे प्रयत्न बँकांनी करावेत, असं त्यांत आहे. अर्जाच्या दोन प्रती, एकीवर शिक्का. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. “वयामुळे आरोग्य विमा मिळत नाही” हे एजंटचं वाक्यही आता तसंच मान्य करू नका. ६५ वर्षांची जुनी मर्यादा विमा नियामकाने २०२४ मध्ये काढली आहे.

आणि घरातच माणूस एकटा पडला असेल, जेवणाची आबाळ होत असेल, तर कमिटीने पंचायत बसवू नये. १४५६७ या ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर द्या. ती सकाळी आठ ते रात्री आठ चालते. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली निर्वाहासाठी अर्ज करता येतो, तो उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे. ऐरोली ते बेलापूर हा पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो, खारघर-कामोठे रायगडमध्ये. त्यामुळे खारघरच्या आजोबांचा अर्ज ठाण्याला नेऊन एक दिवस फुकट घालवू नका, तो पनवेलला जातो.