लघुशोधप्रबंधातील उचलेगिरी टाळायची, तर सुरुवात टिपणवहीपासून करा

एम.ए.च्या विद्यार्थ्यांना लघुशोधप्रबंधासाठी मार्गदर्शन करताना मला एक गोष्ट वारंवार जाणवली आहे. वाङ्मयचौर्याच्या ज्या प्रकरणांत पुढे मुलांना रडू कोसळते, त्यांपैकी अनेकांचे मूळ गलथान टिपणांत असते. ऑगस्टमध्ये ग्रंथालयात बसून पुस्तकातून उतरवून घेतलेला परिच्छेद फेब्रुवारीत वही उघडल्यावर आपलाच वाटू लागतो, कारण त्याच्याभोवती ना अवतरणचिन्हे असतात, ना शेजारी पृष्ठक्रमांक. म्हणून प्रामाणिक लेखनाची तयारी पहिल्या टिपणापासूनच करावी.

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे पुस्तकातील मजकूर जसाच्या तसा, अवतरणचिन्हांत लिहावा आणि त्याखाली लेखक, ग्रंथ, आवृत्ती, प्रकाशनवर्ष व पृष्ठक्रमांक त्याच वेळी नोंदवावा. ‘नंतर लिहू’ म्हटलेला पृष्ठक्रमांक पुन्हा सापडत नाही. उजवी बाजू भरताना मात्र पुस्तक मिटून ठेवावे आणि आपल्याला काय समजले, काय पटले नाही, ते आपल्या शब्दांत लिहावे. संगणकावर टिपणे काढत असाल, तर दुसऱ्याचा मजकूर वेगळ्या रंगात ठेवा आणि अंतिम मसुद्यापर्यंत तो रंग काढू नका.

शब्द बदलले म्हणजे मजकूर आपला झाला, हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. समजा, पेशवेकालीन पुण्याच्या पाणीपुरवठ्यावर तुम्ही लिहीत आहात आणि एका पुस्तकात असे वाक्य आहे : ‘कात्रजच्या तलावाचे पाणी भूमिगत नळाने शहरात आल्यामुळे वाढत्या वस्तीला विहिरींवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही.’ तुम्ही त्याचे ‘कात्रज तलावातील पाणी जमिनीखालच्या नळातून नगरात पोहोचल्याने वाढत्या लोकसंख्येला विहिरींवर विसंबावे लागले नाही’ असे केले, तर कपडे बदलले, माणूस तोच राहिला. त्याऐवजी ‘कात्रजच्या पाण्यामुळे पुण्याची विहिरींवरील भिस्त संपली, असे अमुक लेखकाचे म्हणणे आहे, परंतु त्या काळात वाड्यांतील विहिरी वापरात होत्या का, हे तपासल्याशिवाय ते स्वीकारता येत नाही,’ असे लिहून पृष्ठक्रमांक दिला, तर लेखकाचे श्रेय लेखकाला मिळते आणि तुमचा विचारही दिसतो. कात्रजचा तलाव नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधला गेला, ही सर्वज्ञात माहिती असल्यामुळे तिला संदर्भ दिला नाही तरी चालते. विहिरींविषयीचा निष्कर्ष मात्र कुणा एकाचा आहे, म्हणून त्याला संदर्भ हवाच.

मराठीतून लिहिणाऱ्यांनी अनुवादाबाबत विशेष दक्ष राहावे. इंग्रजी ग्रंथातील दोन पाने मराठीत आणून संदर्भाविना प्रबंधात घालणे, हेही वाङ्मयचौर्यच आहे. आधीच्या लेखनाशी जुळणारा मजकूर शोधणाऱ्या संगणकप्रणालीला ते सापडेलच असे नाही; मात्र अवघडलेली वाक्यरचना आणि विद्यार्थ्याच्या तोंडी कधी न आलेली परिभाषा अनुभवी परीक्षकाच्या ध्यानात येते, आणि मौखिक परीक्षेत नेमका त्याच पानावर प्रश्न येतो. अशा ठिकाणी मूळ ग्रंथाचा संदर्भ देऊन ‘अनुवाद माझा’ अशी तळटीप द्यावी. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरायची असतील, तर आधी मार्गदर्शकांना विचारा आणि वापर केल्यास तो नमूद करा. ही साधने अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची नावेही बेधडक देतात.

आता परिणामांविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाची याबाबतची नियमावली २०१८ पासून लागू आहे आणि ती पदव्युत्तर व संशोधन पदव्यांच्या प्रबंधांना लागू होते. (नेहमीचे गृहपाठ, प्रकल्प अहवाल व उत्तरपत्रिका तिच्या कक्षेबाहेर आहेत, तेथे विद्यापीठाचे आणि महाविद्यालयाचे नियम चालतात.) संगणकप्रणालीच्या तपासणीत आधीच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल, तर दंड नाही. १० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर जास्तीत जास्त ६ महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो. ४० ते ६० टक्के असेल, तर वर्षभर सुधारित प्रबंधही सादर करता येत नाही, आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास त्या अभ्यासक्रमाची नोंदणीच रद्द होते. पुन्हा तोच दोष आढळल्यास एक पायरी वरची शिक्षा होते. पदवी मिळून गेल्यानंतर चौर्य सिद्ध झाले, तर संस्थेची समिती शिफारस करील तितक्या काळासाठी ती पदवी स्थगित ठेवता येते. नोकरीत रुजू झालेल्या माणसावर तेव्हा काय प्रसंग ओढवेल, याचा विचार आजच करावा.

१० टक्क्यांचा हा आकडा म्हणजे उचलेगिरीचा परवाना आहे, असे काही विद्यार्थी समजतात आणि तपासणीच्या अहवालात १४ टक्के साम्य दिसले की समानार्थी शब्द पेरून तो ९ वर आणतात. हे मला अतिशय खटकते. साम्य मोजताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणे वगळायची असतात, त्यामुळे अहवालात रंगवून दाखवलेल्या उरलेल्या प्रत्येक ओळीपाशी थांबून ती कुठून आली, हे पाहिले पाहिजे. जिचे मूळ सापडेल तिला संदर्भ द्या, जिचे सापडणार नाही ती काढून टाका.

प्रबंध बांधणीला देण्यापूर्वी संदर्भसूचीतील प्रत्येक नावावर बोट ठेवून पाहा : हे पुस्तक मी स्वतः उघडले होते का? दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेला संदर्भ असेल, तर तसे स्पष्ट लिहा. त्या वेळी एखादे प्रकरण उसने निघाले, तर त्याच दिवशी मार्गदर्शकांना सांगा, मग मुदत उद्याची का असेना. सादर करण्यापूर्वी प्रकरण पुन्हा लिहिता येते, मुदतवाढीसाठी अर्ज करता येतो. एकदा प्रबंध सादर झाला आणि तक्रार समितीकडे गेली, की मार्गदर्शकांच्या हातात फारसे काही उरत नाही.