अपग्रेडच्या यादीत आपले नाव वर कसे सरकते

रेल्वेच्या वेटिंग लिस्टवर वाढलेल्या माणसाला विमानाची अपग्रेड यादी, म्हणजे इकॉनॉमीच्या तिकिटावर पुढच्या महागड्या केबिनमध्ये जागा मिळण्यासाठीची रांग, समजायला थोडा वेळ लागतो, कारण जुनी सवय आडवी येते. रेल्वेत प्रतीक्षा क्रमांक बारा मिळाला की तो अकरा होतो, नऊ होतो, नशीब असेल तर आरएसी होतो. मागे जात नाही. विमानाच्या यादीत मात्र सकाळी चौथे असलेले नाव संध्याकाळी अकरावे दिसू शकते आणि त्यात कोणाची लबाडी नसते. ‘आधी येईल त्याला आधी’ हा नियम येथे अगदी शेवटी लागतो. त्यापूर्वी दर्जा (कंपनीने आपल्या नियमित प्रवाशाला दिलेली पायरी), तिकिटाचा वर्ग, वर्षभरातील खर्च अशा चाळण्या असतात, आणि त्या कोणत्या क्रमाने लागतात हे ज्याला ठाऊक आहे, तो तिकीट काढतानाच आपले अर्धे काम उरकतो.

मोफत अपग्रेडची पद्धत खऱ्या अर्थाने रुजली ती अमेरिकेच्या देशांतर्गत विमानसेवेत. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी नियमित प्रवाशांसाठी ‘ॲडव्हान्टेज’ योजना सुरू केली, त्याच महिन्यात युनायटेडने ‘मायलेज प्लस’ आणली आणि डेल्टाही त्याच वर्षी मागोमाग आली. न्यू जर्सी, डॅलस किंवा बे एरियात राहून सोमवारी पहाटे क्लायंटच्या गावी जाणारी आणि गुरुवारी रात्री परतणारी मराठी मंडळी या याद्यांत कमी नाहीत, म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः या तीन कंपन्यांना धरून केले आहे. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा येथील आकडे प्रवासापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर एकदा पडताळून घ्यावेत.

पहिली आणि सर्वांत बारीक चाळणी दर्जाची. युनायटेडमध्ये सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम आणि वन-के अशा पायऱ्या आहेत. डेल्टात सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम आणि डायमंड. तर अमेरिकनमध्ये गोल्ड, प्लॅटिनम, प्लॅटिनम प्रो आणि एक्झिक्युटिव्ह प्लॅटिनम. युनायटेडचे ‘ग्लोबल सर्व्हिसेस’ आणि अमेरिकनचे ‘कन्सिअर्ज की’ हे त्याहूनही वरचे वर्ग केवळ निमंत्रितांसाठी असतात. ‘गोल्ड’ या शब्दावर भाळू नये: अमेरिकनमध्ये ती सर्वांत खालची पायरी आहे आणि उरलेल्या दोघांकडे खालून दुसरी. दर्जा मिळवण्याचे मोजमापही आता मैलांवरून पैशांवर आले आहे. डेल्टाने २०२४ पासून केवळ डॉलरमधील खर्च धरायला सुरुवात केली असून सिल्व्हरसाठी ५,००० आणि डायमंडसाठी २८,००० अशी पात्रता ठेवली आहे. अमेरिकनमध्ये गोल्डला ४०,००० आणि एक्झिक्युटिव्ह प्लॅटिनमला २,००,००० लॉयल्टी पॉइंट लागतात, आणि हे पॉइंट कंपनीच्या क्रेडिट कार्डावरील खर्चातूनही जमतात. यादीत आपल्यापुढे असलेला गृहस्थ आपल्यापेक्षा जास्त उडालेला असेलच असे नाही. किराणा आणि मुलांची फी कार्डावर भरूनही तो तेथे पोहोचलेला असू शकतो.

दर्जानुसार केवळ क्रम ठरत नाही, दार कधी उघडणार तेही ठरते. डेल्टात डायमंड आणि प्लॅटिनम सदस्यांची अपग्रेड उड्डाणाच्या १२० तास आधीपासून निश्चित होऊ लागतात, गोल्डची ७२ तास आणि सिल्व्हरची २४ तास आधी. अमेरिकनमध्ये हीच मर्यादा वरून खाली १००, ७२, ४८ आणि २४ तासांची आहे. युनायटेडमध्ये वन-केसाठी ९६, प्लॅटिनमसाठी ७२, गोल्डसाठी ४८ तास, आणि सिल्व्हरचा विचार थेट प्रवासाच्या दिवशी. म्हणजे खालच्या पायरीवरच्या माणसासाठी दार उघडते तेव्हा पंगतीतले बरेचसे ताट वाढून झालेले असते. क्रमांक मागे का जातो याचेही उत्तर येथेच आहे. गुरुवारच्या विमानाचे तिकीट एखाद्या वन-के सदस्याने बुधवारी रात्री काढले, तरी तो तीन महिन्यांपूर्वी तिकीट काढलेल्या गोल्ड सदस्याच्या पुढे जाऊन उभा राहतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आसनांच्या नकाशात पुढच्या केबिनमध्ये आठ जागा रिकाम्या दिसल्या म्हणजे आठ जागा अपग्रेडसाठी आहेत, असे नव्हे. ती जागा रोखीने विकली जाणार नाही असे संगणकाला वाटेपर्यंत तो ती सोडत नाही. मधल्या काळात तीच जागा ॲपवर, कसलाही दर्जा नसलेल्या प्रवाशालाही, थोड्या जादा पैशांत देऊ केली जाते. हा प्रकार गेल्या काही वर्षांत एवढा वाढला आहे की वरचा दर्जा असलेल्यांची नाराजी आता नेहमीची झाली आहे, आणि माझ्या मते ती रास्त आहे. तथापि कंपनीने मोफत अपग्रेडचे वचन ‘जागा उरल्यास’ या अटीवरच दिलेले असते, हेही मान्य करावे लागते.

दर्जा सारखा असेल तर पुढची चाळणी कोणती, यात तिन्ही कंपन्या वेगळ्या वाटेने जातात. युनायटेड दर्जानंतर तिकिटाचा वर्ग पाहते. वर्ग म्हणजे तिकिटावर छापलेले एक अक्षर: वाय, बी, एम ही इकॉनॉमीतील महाग अक्षरे आणि त्यांच्या खाली स्वस्त अक्षरांची लांब रांग. ही उतरंड वर्णक्रमाने लागत नाही, त्यामुळे अंदाज बांधू नये. तिकिटाच्या तपशिलात अक्षर आणि कंपनीच्या तक्त्यात त्याची पायरी पाहावी. वाय किंवा बी वर्गाचे तिकीट असेल तर युनायटेडमध्ये दर्जाधारकाला देशांतर्गत अपग्रेड, जागा असल्यास, तिकीट काढतानाच मिळू शकते. वन-के सदस्याला एम वर्गावरही. अमेरिकन मात्र दर्जानंतर मागील १२ महिन्यांत जमवलेले लॉयल्टी पॉइंट मोजते आणि तिकिटाचे अक्षर त्यानंतर येते. डेल्टात तिकिटाचा वर्ग, ‘मिलियन मायलर’ (कंपनीबरोबर दहा लाख मैल उडालेल्याचा) हा मान, डेल्टाचे रिझर्व्ह क्रेडिट कार्ड, वर्षातील खर्च अशा पायऱ्या उतरत गेल्यावर तळाशी वेळेचा प्रश्न येतो.

याचा व्यवहारात अर्थ असा, की दोन तिकिटांत २० डॉलरचा फरक असेल तर वरचे अक्षर घेणे युनायटेडमध्ये उपयोगाचे ठरू शकते, पण अमेरिकनमध्ये तेच २० डॉलर बहुधा वाया जातात. बेसिक इकॉनॉमीचे तिकीट युनायटेड आणि डेल्टावर मोफत अपग्रेडला पात्रच नसते, तेव्हा कार्यालयाच्या आरक्षण प्रणालीने सर्वांत स्वस्त म्हणून तेच पुढे केले असल्यास तेथेच थांबावे.

तिकीट काढताना आणखी एक गोष्ट मराठी माणसाने विशेष पाहावी, ती म्हणजे नाव. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, आणि सदस्यत्वाचे खाते उघडताना ते आपण बरेचदा गाळतो. तिकिटावर एक नाव आणि खात्यात दुसरे असे झाले की सदस्य क्रमांक तिकिटाला जोडला जात नाही, आणि क्रमांक नाही म्हणजे यादीत नावच नाही. माझ्या एका मित्राला वर्षभर एकही अपग्रेड मिळाले नव्हते; कारण शोधायला गेल्यावर खात्यातून त्याच्या वडिलांचे नाव गायब असल्याचे आढळले. खाते पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे आणि आरक्षणानंतर सदस्य क्रमांक व दर्जा तिकिटावर दिसतो आहे ना, हे पाहावे.

मार्ग आणि वेळ यांची निवड हाती असेल तर तीही विचारपूर्वक करावी. सोमवारची पहाट आणि गुरुवारची संध्याकाळ या वेळांना विमानात जणू अर्धे प्रवासी दर्जाधारक असतात. नेवार्क–सॅन फ्रान्सिस्कोसारख्या दोन मोठ्या केंद्रांमधील मार्गावर गोल्ड सदस्याने फारशी आशा धरू नये. मंगळवारची दुपार, शनिवारची सकाळ किंवा सुट्टीसाठी जाणाऱ्यांचीच गर्दी असलेला मार्ग असेल, तर तोच दर्जा एकदम वजनदार ठरतो.

चेक-इननंतर उरलेली यादी विमानतळावर जाते आणि गेटच्या पडद्यावर दिसू लागते. तेथे आडनावाची पहिली तीन रोमन अक्षरे आणि नावाचे आद्याक्षर एवढेच असते, त्यामुळे पाटील आणि पटेल यांत काहीच फरक उरत नाही. एकदा ‘पीएटी, एस’ हे नाव हिरव्या खुणेसह वर गेलेले पाहून मी आणि एक अनोळखी सद्गृहस्थ एकाच वेळी काउंटरवर पोहोचलो होतो. जागा त्यांची निघाली. शेवटच्या अर्ध्या तासात यादी वेगाने हलते, कारण जोडविमान चुकलेल्या प्रवाशांच्या जागा तेव्हा मोकळ्या होतात. त्या वेळी गेटच्या आसपास असावे आणि फोन उघडा ठेवावा. चांगले कपडे घातल्याने किंवा मधुचंद्राचे निमित्त सांगितल्याने काही होत नाही, कारण कर्मचारी संगणकाच्या क्रमानेच नावे पुकारतात. आपला क्रमांक किती आणि जागा किती, एवढे शांतपणे एकदा विचारायला मात्र हरकत नाही.

लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाची रीत निराळी आहे. अमेरिकेहून मुंबईला येताना केवळ दर्जाच्या बळावर बिझनेस क्लास मिळेल या भरवशावर कोणी राहू नये. तेथे मैल खर्च करावे लागतात किंवा वरच्या दर्जासोबत मिळणारे हक्क वापरावे लागतात: युनायटेडचे प्लसपॉइंट, ज्यांतले ४० प्लॅटिनमला आणि आणखी २८० वन-के झाल्यावर मिळतात, किंवा अमेरिकनची सिस्टिमवाइड अपग्रेड. यांसाठीही कंपनी वेगळा साठा ठेवते. युनायटेडमध्ये तो ‘पीझेड’ आणि अमेरिकनमध्ये ‘सी’ या अक्षरांनी ओळखला जातो. तिकीट घेण्यापूर्वीच त्या साठ्यात जागा आहे का, हे फोनवर विचारून घ्यावे. जागा असेल तर अपग्रेड तत्काळ पक्के होते. नसेल तर पुन्हा तीच यादी आणि तीच धाकधूक.

भारतातील प्रवाशाने आणखी एक भेद लक्षात ठेवावा. एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी स्टार अलायन्समध्ये, म्हणजे युनायटेडही ज्यात आहे त्या विमान कंपन्यांच्या गटात, आली आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा तिच्यात विलीन झाली. तिची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ योजना आता ‘महाराजा क्लब’ नावाने चालते. या योजनेतील वरच्या दर्जामुळे स्टार अलायन्सच्या इतर कंपन्यांकडे लाउंज, जादा सामान, आधी चढण्याची सोय अशा सवलती मिळतात, पण अपग्रेड मिळत नाही. अलायन्सचे गोल्ड कार्ड दाखवून युनायटेडच्या गेटवर अपग्रेड मागणारे प्रवासी मी पाहिले आहेत आणि त्यांचा हिरमोडही पाहिला आहे. मुंबई–दिल्लीसारख्या मार्गावरही अमेरिकेसारखी आपोआप पुढे सरकणारी मोफत यादी नसते. तेथे पॉइंट, व्हाउचर किंवा रोख रक्कम हेच मार्ग धरावे.

काही कंपन्या अपग्रेडसाठी बोली लावण्याची सोयही देतात, आणि तिच्यात एक सापळा आहे. बोली प्रत्येक प्रवाशामागे आणि प्रत्येक टप्प्यामागे असते. दोघांचे दोन टप्प्यांचे तिकीट असेल तर पडद्यावरच्या रकमेची चौपट भरावी लागते. बोली लावण्यापूर्वी त्याच दिवशीच्या बिझनेस क्लासच्या तिकिटाचा दर पाहावा आणि फरकाच्या निम्म्याहून पुढे जाऊ नये, हा माझा स्वतःचा दंडक. पॉइंट बहुधा मूळ इकॉनॉमी तिकिटाप्रमाणेच मिळतात, आणि लाउंज मिळेलच असे नाही, म्हणून अटी वाचाव्यात.

इकॉनॉमीची तिकिटे जागांपेक्षा जास्त विकली गेल्यामुळे काही जणांना पुढे बसवावे लागते, तेव्हाही साधारणपणे दर्जा आणि तिकिटाचे मोल पाहूनच नावे उचलली जातात. हे अपग्रेड मागून मिळत नाही, तेव्हा त्यासाठी वेगळी खटपट करू नये.

राहता राहिला प्रश्न जोडप्यांचा. अमेरिकेतील या कंपन्या देशांतर्गत प्रवासात सोबतच्या एका व्यक्तीला साधारणपणे तुमच्याच दर्जाने यादीत घेतात, पण एकाच पीएनआरवर दोघे असताना जागा एकच उरली, तर संगणक तुम्हाला ओलांडून पुढच्या एकट्या प्रवाशाकडे जाऊ शकतो. एकट्याने पुढे बसायची तयारी असेल तर आरक्षण आधीच वेगळे करून घ्यावे. चौघांचे कुटुंब असेल तर ते करावेच लागते. वेगळे केले नसेल, तर गेटवरची कर्मचारी कधीकधी नाव पुकारून विचारते, “एकच जागा आहे, हवी का?” उत्तराला चार-पाच सेकंद मिळतात आणि मागे रांग खोळंबलेली असते. जागा कोणी घ्यायची, हे घरून निघतानाच दोघांनी ठरवून ठेवावे.