सँटोरिनीचा बेत फोटोवरून आखू नका: या चुका टाळा

सँटोरिनीच्या सहलीत जे बिनसतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. बेत फोटो बघून आखलेला असतो, नकाशा बघून नाही. म्हणून हॉटेल शोधण्याआधी नकाशा उघडा. ग्रीसचं हे बेट चंद्रकोरीच्या आकाराचं आहे. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास इथे ज्वालामुखीचा महाउद्रेक झाला, पोकळ झालेला मधला भाग कोसळला आणि त्या खड्ड्यात समुद्र शिरला. तोच कॅल्डेरा. त्याच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून, बेट कड्यासारखं तुटलेलं आहे, काही ठिकाणी तर ३०० मीटर उंच. पूर्वेकडे मात्र जमीन हळूहळू उतरत समुद्राला मिळते. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हे सांगायला नको: एका बाजूला कोकणकडा, दुसऱ्या बाजूला देश.

राहायचं कुठे, हे यावरूनच ठरतं. पांढरी घरं आणि निळे घुमट कड्यावरच्या गावांत आहेत: इया (स्पेलिंग बघून आपण ओइया म्हणतो), इमेरोविग्ली, फिरा. तिथून समुद्र दिसतो, पण तो खोल खाली. पायरी उतरलं की वाळू, असं काही नाही. पोहायचं असेल तर पूर्व किनाऱ्यावरचं कामारी किंवा पेरिसा गाठावं लागतं आणि तिथून समुद्रात बुडणारा सूर्य दिसत नाही. दोन्ही एकाच खोलीतून मिळत नाही, हे आधीच मान्य केलं की निम्मी निराशा टळते.

आणि पायऱ्या! आईला घेऊन गेलो तेव्हा मी नेमकी हीच चूक केली. इयामध्ये कड्यात कोरलेली खोली घेतली, वर्णनात ‘कॅल्डेरा व्ह्यू’ एवढंच वाचलं. गाडी थांबते तिथून खोलीपर्यंत ऐंशीच्या वर पायऱ्या निघाल्या, कमीजास्त उंचीच्या, काही ठिकाणी कठडाही नाही. गुडघे दुखत असताना आईने तीन दिवसांत ती चढण दोनदाच केली. बाकी वेळ ती खोलीबाहेरच्या ओट्यावर बसून होती. तिने तक्रार केली नाही, पण मला त्याचं अजून वाईट वाटतं. त्यामुळे पैसे भरण्याआधी हॉटेलला थेट लिहून विचारा: रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, सामान उचलायला माणूस आहे का? बुकिंग आधीच झालं असेल तर रस्त्याजवळची, वरच्या अंगाची खोली मागून घ्या. ज्येष्ठांसाठी मी आता सरळ कामारी सुचवेन. समुद्रालगतचा रस्ता सपाट आहे, आणि कड्यावरची एक संध्याकाळ बसने जाऊन बघता येते.

बसचंही एक लक्षात ठेवा. बहुतेक बस फिरामधूनच सुटतात, त्यामुळे इयाहून पेरिसाला जायचं तर फिरामध्ये बस बदलावी लागते. कामारी आणि पेरिसा नकाशावर शेजारी दिसतात, पण मध्ये मेसा वूनोचा डोंगर आहे आणि रस्त्याला मोठा वळसा पडतो. गाडी भाड्याने घ्यायची असेल तर निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा.

बंदरं दोन आहेत आणि लोक हमखास गोंधळतात. अथेन्सजवळच्या पिरेअसहून येणारी फेरी अथिनिओसला लागते. तिथून वर यायला घाटासारखा नागमोडी रस्ता आहे. फिराच्या खालचं जुनं बंदर मुख्यतः क्रूझवाल्यांसाठी आहे. तिथून वर यायला केबल कार किंवा ५८८ पायऱ्या. गाढवावर बसू नका, उन्हात ओझं वाहणारी ती जनावरं बघवत नाहीत.

जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा मेल्तेमी वारा सुटतो. तो फार वाढला की बोटींवर बंदी येते, आणि लहान वेगवान बोटी आधी अडकतात. मोठी फेरी सुमारे आठ तास घेते, पण कमी हलते. ज्या दिवशी बेट सोडायचं त्याच रात्रीचं भारताचं विमान धरू नका, शेवटची रात्र अथेन्समध्ये ठेवा.

ज्वालामुखीची सहल म्हणजे बोटीने कॅल्डेराच्या मधल्या नेआ कामेनी या छोट्या बेटावर जाणं. त्याचा शेवटचा उद्रेक १९५० सालचा. लाव्हाचे कंगोरे जिवंत वाटावेत इतके ताजे आहेत आणि मला हे संपूर्ण सँटोरिनीतलं सर्वांत अस्सल ठिकाण वाटतं. पण सुट्या खडीवरची चढण आहे, सावली नाही. बूट, टोपी आणि पाणी सोबत हवंच. पुढे शेजारच्या पालेआ कामेनी बेटाचे ‘गरम झरे’ येतात, तिथे आपल्या वज्रेश्वरीची कल्पना घेऊन जाऊ नका. पाणी कोमट असतं, आणि तिथवर जायला बोटीतून थंड, खोल समुद्रात उतरून पोहत जावं लागतं. पोहता येत नसेल तर बोटीतच थांबा. लोहयुक्त गाळाने फिक्या रंगाचे कपडे डागाळतात, गंधकाने चांदीचे दागिने काळवंडतात.

अक्रोतिरीला राखेखाली गाडलं गेलेलं प्राचीन नगर आहे. तिथे भित्तिचित्रं शोधत फिरू नका. निळ्या माकडांचं चित्र फिराच्या प्रागैतिहासिक संग्रहालयात आहे, मुष्टियुद्ध करणारी मुलं अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात. जवळच्या लाल किनाऱ्यावर दरड कोसळते, तो लांबूनच बघा.

शाकाहारी मंडळींनी मेथकूट-भाताची चिंता करू नये. इथला फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. टोमॅटोची भजी, तोमातोकेफ्तेदेस, तर घरचीच वाटतात. ‘निस्तिसिमो’ हा शब्द पाठ करा. ग्रीक लोकांच्या उपवासाला चालणारं, म्हणजे मांस, अंडी, दूध नसलेलं. मात्र त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात, तेव्हा तेवढं वेगळं विचारा.

२०२५ च्या जानेवारीअखेर इथे भूकंपांची मालिका सुरू झाली आणि फेब्रुवारीत हजारो लोक काही काळ बेट सोडून गेले. म्हणून रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या, प्रवासविम्याच्या अटी नीट वाचा, आणि फोनवर ११२ चा (हा युरोपातला आपत्कालीन क्रमांक) सरकारी इशारा आला तर सगळ्यात आधी कड्याच्या काठापासून दूर व्हा.