चेंडूवरून नजर काढा: रग्बीची टेस्ट कशी बघायची

"मावशी, आता शिट्टी का वाजली?" भाच्याने दहा मिनिटांत हा प्रश्न सहाव्यांदा विचारला तेव्हा मी त्याला नियम सांगायचं थांबवलं. म्हटलं, पुढची दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नकोस. "मग बघू कुठे?" या प्रश्नाचं उत्तर त्या रात्री मला नीट देता आलं नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते आहे. रग्बी युनियनचे आंतरराष्ट्रीय सामने, ज्यांना या खेळातही टेस्टच म्हणतात, मी २०१५च्या विश्वचषकापासून वही घेऊन बघते. वहीत स्कोअर कमी आणि माणसं कुठे उभी होती याच्या खुणा जास्त आहेत.

नियम सुरुवातीला थोडेच पुरतात. प्रत्येक बाजूला १५ जण, ४० मिनिटांचे दोन भाग. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. पुढे न्यायचा तर तो घेऊन पळायचं, नाहीतर किक मारायची. समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे ५ गुण, आणि त्यानंतरची कन्व्हर्जन किक गेली तर आणखी २. पेनल्टी किकचे ३, चालू खेळात मारलेल्या ड्रॉप गोलचेही ३. एवढं माहीत झालं की टीव्ही लावा.

आणि आधी बघा ते रक, म्हणजे खाली पडलेल्या खेळाडूच्या वर, जमिनीवरच्या चेंडूसाठी दोन्ही बाजूंची उभ्याने होणारी रेटारेटी. ट्राय कसा झाला हे रिप्लेमध्ये दहा वेळा दाखवतात. तो का झाला हे बहुतेकदा त्याच्या दोन-तीन रक आधी ठरलेलं असतं. टॅकल होऊन खाली पडलेल्या खेळाडूला चेंडू सोडावा लागतो. त्याला पाडणाऱ्याने त्याला सोडून बाजूला व्हायचं असतं. आणि चेंडूवर झडप घालायला येणाऱ्याने स्वतःच्या पायांवर उभं राहून ती घालायची असते. शिट्टी वाजली आणि कारण कळलं नाही, तर या तिघांपैकी कोणी आपलं काम केलं नाही ते शोधा. बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं.

पडलेल्या माणसाकडे बघत राहू नका. त्याच्या मदतीला धावत येणारा पहिला आणि दुसरा कोण, ते बघा. ते उशिरा पोचले, तर समोरचा वाकून चेंडूला हात घालणार. ते वेळेवर पोचले, तर मनात मोजायला लागा: एक, दोन, तीन. तीनच्या आत चेंडू बाहेर आला तर बचावाची रांग अजून मागे सरकत असते आणि हल्ला करणाऱ्यांना वाट मिळते. पाच-सहापर्यंत मोजावं लागलं तर समोर पुन्हा भिंत उभी राहिलेली असते. एका अर्ध्या सामन्यात फक्त हे मोजत बसलात तरी कोण जिंकतंय हे स्कोअरबोर्डच्या आधी कळायला लागेल. हे शिकायला २०१५चा अंतिम सामना काढा. ट्विकेनहॅमवर न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला ३४-१७ हरवलं. एका बाजूला न्यूझीलंडचा रिची मकॉ, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियाचा डेव्हिड पोकॉक. कर्णधार म्हणून मकॉला तोड नाही, पण रकवर पाय रोवून चेंडूवर वाकलेला पोकॉक, अंगावर तीन जण आदळत असताना न हलणारा, त्याच्याइतका चिवट माणूस मी या खेळात पाहिलेला नाही.

आता स्क्रम. "हा वेळकाढूपणा आहे" असं म्हणून लोक नेमके इथेच उठून जातात, आणि याबद्दल माझं कोणाशीही भांडायची तयारी आहे. खेळ पुन्हा सुरू करायला आठ विरुद्ध आठ वाकून एकमेकांना रेटतात आणि मध्ये टाकलेला चेंडू मिळवू बघतात. पंच म्हणतात, "क्राउच, बाइंड, सेट", आणि दोन्ही पहिल्या रांगा एकमेकांत घुसतात. पहिल्या रांगेत तिघं: मध्ये २ नंबरचा हुकर, दोन्ही बाजूंना १ आणि ३ नंबरचे प्रॉप. १ नंबरचं डोकं बाहेरच्या बाजूने मोकळं असतं. ३ नंबरचं डोकं समोरच्या प्रॉप आणि हुकरच्या मध्ये जातं, दोन्ही खांद्यांवर भार येतो. म्हणून स्क्रम बघताना मी ३ नंबरची पाठ बघते. ती मैदानाला समांतर राहिली तर सगळं ठीक. कंबर वर उचलली जायला लागली किंवा तो वरच उभा राहिला, की पंचाचा हात कुठल्या बाजूला जाणार हे आधीच सांगता येतं.

योकोहामातला २०१९चा अंतिम सामना यासाठीच पुन्हा बघावा. आदल्या आठवड्यात इंग्लंडने न्यूझीलंडला १९-७ असं गप्प केलं होतं आणि अंतिम सामन्यात बहुतेकांचा कौल त्यांनाच होता. तिसऱ्याच मिनिटाला त्यांचा ३ नंबर काइल सिंक्लर डोक्याला मार लागून बाहेर गेला. डॅन कोल आला, आणि उरलेला जवळजवळ सगळा सामना त्याला खेचावा लागला. समोर दक्षिण आफ्रिकेचा तेंडाई म्ताव्हारिरा. स्क्रममागून स्क्रम इंग्लंड मागे रेटलं गेलं, पेनल्टी मिळत गेल्या आणि हांद्रे पोलार्ड एकेक करून ३ गुण जोडत गेला: सहा पेनल्टी, दोन कन्व्हर्जन, एकूण २२ गुण. मापिंपी आणि कोल्बीचे ट्राय सगळ्यांच्या लक्षात आहेत, पण ते दोन्ही ६५व्या मिनिटानंतरचे. ३२-१२च्या त्या विजयाचा पाया त्याच्या कितीतरी आधी, वाकलेल्या पाठींवर घातला गेला होता. कोलबद्दल मला आजही वाईट वाटतं. ३ नंबरच्या जागी ७७ मिनिटं खेळणं ही साधी गोष्ट नाही.

किकांबद्दल थोडक्यात. चेंडू हवेत असताना वर बघू नका, मागे बघा: विंगर (कडांचे दोघे) आणि फुलबॅक (सगळ्यात मागचा) किती मागे उभे आहेत? २०२१पासून आलेल्या फिफ्टी-ट्वेंटीटू नियमाने हे बघणं जास्त मजेचं झालं आहे. आपल्या अर्ध्यातून मारलेला चेंडू मैदानात टप्पा पडून समोरच्यांच्या २२ मीटर पट्ट्यातून बाहेर गेला, तर लाइनआउटची, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांच्या मध्ये आत टाकायची, फेक किक मारणाऱ्यांनाच मिळते. म्हणून बचाव करणाऱ्यांना मागे जास्त माणसं ठेवावी लागतात आणि पुढच्या रांगेत फटी पडतात. अलीकडच्या नियमबदलांत मला सगळ्यात पटलेला बदल हाच.

यानंतर शिकायचं ते कर्णधाराचं मन वाचायला. पेनल्टी मिळाली की तो काय करतो? पोस्टकडे बोट दाखवतो, कोपऱ्याकडे किक मारून लाइनआउट घेतो, की स्क्रम मागतो? तो बोलायच्या आधी तुमचं उत्तर मोठ्याने म्हणा किंवा लिहून ठेवा. माझ्या वहीचं पहिलं पान याच एका निर्णयाने भरलं आहे. १९ सप्टेंबर २०१५, ब्रायटन. दक्षिण आफ्रिका ३२, जपान २९, वेळ संपलेली. जपानला गोलरेषेजवळ पेनल्टी. ३ गुण घेतले असते तर बरोबरी, आणि दोनदा विश्वविजेत्या ठरलेल्या संघाशी बरोबरी म्हणजे जपानसाठी मोठीच कमाई. मायकेल लीचने स्क्रम मागितला. तिथून चेंडू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरला आणि कार्न हेस्केथ डाव्या कोपऱ्यात जमिनीवर झेपावला. ३४-३२. मला तेव्हा निम्मे नियम माहीत नव्हते, तरी मी उभी राहून रडत होते.

बरोबर एका आठवड्याने ट्विकेनहॅमवर इंग्लंड वेल्सविरुद्ध २५-२८ मागे होतं आणि शेवटी त्यांनाही पेनल्टी मिळाली. ख्रिस रॉबशॉने ३ गुण सोडून कोपरा निवडला. लाइनआउटमध्ये फेक पुढच्याच माणसाकडे गेली, वेल्सने सगळ्या घोळक्याला रेषेबाहेर ढकललं, सामना संपला. पुढे ऑस्ट्रेलियाकडूनही हरून यजमान इंग्लंड गटातच बाद झालं, आणि रॉबशॉवर त्या निर्णयाचा शिक्का बसला. हा अन्याय आहे असं मी तेव्हापासून म्हणते. लीच आणि रॉबशॉने एकाच धाडसाचा निर्णय घेतला होता. चूक होती ती फेकीत: रेषेला चिकटून, जिथून बाहेर ढकलणं सगळ्यात सोपं, तिथे चेंडू पकडला. निर्णयाला गुण द्या, अंमलबजावणीला वेगळे द्या. वहीत मी दोन वेगळे रकाने ठेवते ते यासाठीच.

कार्डांच्या बाबतीत पंचांवर ओरडायच्या आधी एकच गोष्ट तपासा: टॅकल करणारा कमरेत वाकला होता का? वाकला नसेल आणि खांदा समोरच्याच्या डोक्याला लागला असेल, तर त्याची बाजू घेऊ नका, मग तो तुमचा कितीही लाडका असो. २०२३च्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याला आधी पिवळं कार्ड मिळालं आणि बंकरमधल्या (मैदानाबाहेर व्हिडिओ बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या) तपासणीनंतर त्याचं लाल झालं. मला केन आवडतो, आणि ते कार्ड योग्य होतं. आता अनेक स्पर्धांत लाल कार्डानंतर २० मिनिटांनी बदली खेळाडू आणायची सोय झाली आहे. "एक लाल कार्ड सामना मारून टाकतं" हे तिचं समर्थन. मग त्याच अंतिम सामन्याकडे बघा. उत्तरार्धात दक्षिण आफ्रिकेला एकही गुण मिळाला नाही. सामन्यातला एकमेव ट्राय ५८व्या मिनिटाला बोडन बॅरेटने केला, १४ जणांच्या न्यूझीलंडसाठी. ७३व्या मिनिटाच्या सुमारास जॉर्डी बॅरेटची लांबून मारलेली पेनल्टी हुकली नसती तर चषक तिकडे गेला असता. १२-११. हा मेलेला सामना होता? खेळाडूंच्या मेंदूला होणाऱ्या इजांबद्दल आज एवढं माहीत असताना शिक्षा हलकी करणं मला अजिबात मान्य नाही.

त्याच सामन्यात राखीव बाकावरही लक्ष ठेवा. आठ राखीव खेळाडूंपैकी दक्षिण आफ्रिकेने सात फॉरवर्ड (स्क्रममध्ये रेटणारे) घेतले होते आणि मागच्या फळीसाठी एकटा विली ल रू. पुष्कळांनी याला खेळाचा अपमान म्हटलं. मी म्हणते, हा उघड्यावर खेळलेला जुगार होता. फाफ द क्लर्क जखमी झाला असता तर बाकावर दुसरा स्क्रम-हाफ, म्हणजे रक आणि स्क्रममधून चेंडू बाहेर काढणारा, नव्हता. साधारण ५०व्या मिनिटाला नवे प्रॉप मैदानात येताना घड्याळ बघून नोंद करा आणि त्यांचा पहिला स्क्रम अजिबात चुकवू नका. उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध १५-६ मागे असलेल्या दक्षिण आफ्रिकेला बाकावरून आलेल्या ऑक्स न्चे आणि आर. जी. स्नायमनने परत आणलं: स्नायमनचा ट्राय, आणि अखेरीस स्क्रमवर मिळालेली पेनल्टी पोलार्डने लांबून पोस्टमधून घातली. १६-१५.

मोठ्या संघांपुरतं बघू नका, ही माझी विनंती आहे. पुरुषांचा विश्वचषक आजवर चारच देशांनी जिंकला आहे, पण गटातल्या सामन्यांत हा खेळ कितीतरी मोठा दिसतो. २०२३ मध्ये फिजीने ऑस्ट्रेलियाला २२-१५ हरवलं, १९५४ नंतर पहिल्यांदा. मग तुलूझमध्ये पोर्तुगालने फिजीला २४-२३ हरवून आपला पहिला विश्वचषक विजय मिळवला. तरी फिजीच पुढे गेला आणि ऑस्ट्रेलिया घरी, कारण सात किंवा कमी गुणांनी हरलं तर एक बोनस गुण मिळतो. गुणतक्त्यात हा रकाना आधी वाचा. विश्वचषक नसेल त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमधली सिक्स नेशन्स पुरेशी आहे, आणि तिच्यातला इंग्लंड-स्कॉटलंड सामना चुकवू नका. ते ज्या कलकत्ता कपसाठी खेळतात तो कलकत्ता फुटबॉल क्लबने बंद पडताना आपल्या शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून घडवला. त्याच्या मुठी नागांच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे.

घड्याळ ८०वर गेलं की टीव्ही बंद करणाऱ्यांसाठी एक शेवटची सूचना. चेंडू खेळात आहे तोवर सामना संपत नाही. १४ ऑक्टोबर २०२३, उपांत्यपूर्व फेरी, न्यूझीलंड २८, आयर्लंड २४. वेळ संपत आली आणि आयर्लंडने चेंडू धरून ठेवला. टॅकल, रक, टॅकल, रक, असे ३७ टप्पे. एक ट्राय आणि ते पुढे जाणार, एक चूक आणि त्यांचा कर्णधार जॉनी सेक्स्टन याची कारकीर्द तिथेच संपणार. मी तो भाग भाच्याला दाखवला तेव्हा आधी बजावलं, चेंडू विसर, काळ्या जर्सीतला १९ नंबर शोध. सॅम व्हाइटलॉक, ३५ वर्षांचा, बाकावरून आलेला. तो उठतो, रांगेत परत येतो, पडतो, पुन्हा उठतो. ३७व्या टप्प्यावर तो वाकला, पाय रोवले, चेंडूला हात घातला. शिट्टी वाजली. का वाजली, हे भाच्याने विचारलं नाही.